नाळेचा वर्ख

सकाळच्या फेरीत डॉ. मियाकोशी प्रत्येक रुग्णाला एकच काम सांगत. "उठून बसा. आता मान खाली घाला. अजून थोडी. राहा तसेच." मग स्वतः खाटेशेजारी उकिडवे बसून त्याच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत राहत. कुराता सिस्टर हातात कागदी रुमाल धरून उभ्या असत. थेंब पडला नाही, की डॉक्टर "छान" म्हणत आणि गुडघे चोळत पुढच्या खाटेकडे वळत.

मेंदूच्या तळाशी होणाऱ्या गाठी ते नाकपुडीतून काढत. बाहेर एक टाकाही दिसत नसे. पण गाठ निघाली की कवटीच्या तळाला भोक राही, आणि ते नीट बुजलं नाही तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून ठिबकू लागे. नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, चवीला किंचित खारट. रुग्णाला वाटे सर्दी झाली. पण ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत शिरतात. मागच्या हिवाळ्यात एक संगीतशिक्षिका अशीच गेली. "तुमच्या वॉर्डातल्या गारठ्यानं मला पडसं झालं बघा," असं ती हसत म्हणाली होती, आणि फेरीच्या घाईत मियाकोशींनीही एक दिवस ते पडसंच मानलं होतं. तेव्हापासून उकिडवं बसायची सवय.

कानाझावा शहराला दोन नद्या आहेत, साइ आणि असानो. हे रुग्णालय साइ नदीच्या बाजूला, देवळांच्या आळीमागच्या चढावर होतं. तळघरात योनेझावांची पेशींची खोली होती. योनेझावा नवजात बाळांच्या नाळेतून मूळपेशी काढत आणि त्या वाढवून त्यांचा पापुद्रा तयार करत. कवटीच्या भोकावर हा पापुद्रा घातला, की तो आपोआप धरतो आणि खालची जखम भरून आणतो, अशी कल्पना. कल्पना झकास होती, फक्त पापुद्रे धड नव्हते. दुधावरच्या सायीला बोट लागावं तसे चिमट्याला लागताच फाटत. बाळांच्या आया आनंदानं संमतीची सही देत, नाळा येत, योनेझावा महिनोन् महिने राबत आणि शेवटी सगळं बादलीत जाई.

मग जूनमध्ये एक नाळ आली, तिचा पापुद्रा फाटला नाही. पातळ इतका की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं, पण चिमट्यानं उचलला तर उचलला जाई, ठेवला तर बसे. मियाकोशींनी तो पहिल्यांदा हामादा नावाच्या टॅक्सीवाल्या म्हाताऱ्याला लावला. दुसऱ्या सकाळी हामादा वाकला, वाकून वाकून त्याला घेरी यायची वेळ आली, पण नाक कोरडं. मियाकोशी त्या दिवशी जेवणाच्या वेळी योनेझावांच्या टेबलावर मुद्दाम जाऊन बसले आणि आपली तळलेली कोळंबी त्यांच्या ताटात वाढली. त्याहून जास्त बोलायची दोघांना सवय नव्हती.

ती नाळ तोगीबाईंच्या बाळाची होती. बाळ तिसऱ्या दिवशी हृदयाच्या दोषानं गेलं होतं. पेशींना ते कळलेलं नव्हतं. त्या तळघरात वाढतच होत्या.

*

तोगीबाई आल्या तेव्हा जुलैचा उकाडा होता. लहानखुऱ्या, तिशीच्या, केस मागे घट्ट बांधलेले. असानो नदीपलीकडे त्यांच्या सासरी घरातच सोन्याच्या वर्खाचा कारखाना होता. त्यांच्या नखांच्या कडेला सोन्याचे कण अडकलेले मियाकोशींना दिसले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी पिशवीतून हलक्या पांढऱ्या लाकडाची डबी काढली. अशी डबी इकडे प्रत्येक घरात असते. बाळाची नाळ पडली की आई ती सुकवून कापसावर ठेवते, आणि मूल लग्न होऊन निघालं की डबी त्याच्या हाती देते.

"डॉक्टर, मी जरा भीड चेपून आलेय."

"बोला ना."

"आमचा तो नाळ पडायच्या आधीच गेला. दहनानंतर चॉपस्टिकनं अस्थी वेचायला बसलो, तर वेचण्यासारखं काही नव्हतंच. इतक्या लहान बाळाचं राहत नाही, म्हणाले ते." त्यांनी डबीचं झाकण काढून दाखवलं. आत नुसता कापूस. "ही सासूबाईंनी आधीच आणून ठेवली होती. आता ती रिकामी घरात बघवत नाही हो. जन्माच्या वेळी तुम्ही नाळ घेतली होतीत, मीच सही दिली. त्यातला एवढासा तुकडा मिळाला तरी चालेल."

नाळेचा तुकडा उरलेला नव्हता. पहिल्याच दिवशी ती बारीक चिरली गेली होती. उरलं होतं ते निराळंच, आणि ते जिवंत होतं. मियाकोशींना हे सांगता आलं असतं. पण नियम असा, की आईनं नुसतं "नको" म्हटलं तरी सगळं नष्ट करायचं. वरच्या मजल्यावर त्या दिवशी एकजण पापुद्र्याची वाट बघत झोपला होता.

"बघतो हं," ते म्हणाले.

बाई उठल्या, कमरेत वाकून नमस्कार केला आणि डबी टेबलावर ठेवून निघून गेल्या.

डबी आठवडाभर तिथेच होती. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, दुसरं काही नसलं तर काडेपेटी तरी घालावी, हे मियाकोशींच्या आईनं त्यांना लहानपणीच शिकवलं होतं. पन्नाशीतला सर्जन, पण शेजारच्या घरून आलेला लोणच्याचा वाडगासुद्धा त्यांनी कधी रिकामा धाडला नव्हता. ही डबी तशीच परत देऊन "नाही जमलं" म्हणायचं, एवढंच करायचं होतं. तेवढं त्यांच्यानं होईना.

"खरं सांगून टाकू का?" त्यांनी योनेझावांना विचारलं.

"सांगा की. मग ती म्हणेल, थांबवा. मग?"

"कदाचित म्हणणार नाही."

"डॉक्टर, कदाचितवर पापुद्रे वाढत नाहीत." योनेझावा चष्मा पुसत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "एक फुकट गेलेली नाळ आहे. तशीही टाकूनच द्यायची होती. सुकवली की सगळ्या सारख्याच दिसतात."

कुणाची, हे मियाकोशींनी विचारलं नाही. सुकलेला तो काळपट वेटोळा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं कापसावर ठेवला. झाकण लावताना त्यांचे कान तापले. जणू त्यांची आई मागे उभी होती.

तोगीबाईंनी डबी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. मग खुर्चीवरून उतरून त्या सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि डोकं टेकवून त्यांनी आभार मानले. "अहो, उठा, उठा," एवढंच मियाकोशी म्हणत राहिले. आपल्या आयुष्यात इतकी लाज आपल्याला कधी वाटली नव्हती, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट कळलं.

*

मानांची गोष्ट पहिल्यांदा कुराता सिस्टरांनी काढली. ऑगस्ट लागला होता, झाडांवर किडे कर्कश ओरडत होते.

"तुमच्या त्या नव्या पापुद्र्यानं सगळ्यांच्या माना वाकड्या केल्यात हो, डॉक्टर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे या आणि बघा. मी रोज सरळ करते, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावते. सकाळी पुन्हा आहेच."

पापुद्रा लावलेले तेव्हा तिघे होते. पहिल्या खोलीतल्या हामादांची मान डावीकडे होती. समोरच्या खोलीतल्या मिठाईवाल्या ओकुबोबाईंची उजवीकडे. कोपऱ्यातल्या खोलीत खाट आडवी होती, तिथला तरुण मान मागे टाकून उशीच्या वर बघत होता. मियाकोशींनी तिघांच्याही माना हातांत धरून फिरवल्या. ताठरपणा नाही, ताप नाही, नस दबलेली नाही. तिघांनाही काही जाणवत नव्हतं. "उशी टोचते जरा," ओकुबोबाई म्हणाल्या.

संध्याकाळी आपल्या खोलीत त्यांनी एका कागदावर तीन खाटा काढल्या आणि प्रत्येक डोक्याला एक बाण काढला. डावीकडे, उजवीकडे, मागे. कागद थोडा फिरवला तेव्हा कळलं, की तिन्ही बाण एकाच बाजूला आहेत. गावाच्या मध्यावरच्या किल्ल्याच्या पलीकडे, असानो नदीकडे. त्यांनी कागद चुरगळला आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या उशा बदलायला सांगितल्या.

बाळ गेलं त्या तारखेला तोगीबाई दर महिन्याला येऊ लागल्या. आधी देवळात जात, मग इकडे. साखर आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या आणत, सुंदर कागदात बांधलेल्या, वर वर्खाचा ठिपका. बसत नसत. "डबी देव्हाऱ्यात ठेवलीय," एवढं सांगत. "आता घर रिकामं वाटत नाही. तुमचे उपकार." मियाकोशी वड्या वॉर्डात देऊन टाकत. त्यांच्या स्वतःच्या घशाखाली त्या उतरत नसत.

सप्टेंबरातल्या त्या तारखेला ते ओकुबोबाईंच्या खोलीत होते. बाई डोळे मिटून पडल्या होत्या, मान नेहमीसारखी खिडकीकडे. मियाकोशींच्या डोळ्यांदेखत ती हलायला लागली. झोपेत माणूस कूस बदलतो तशी नव्हे. घड्याळाचा मोठा काटा सरकावा तशी, सावकाश. खिडकीकडून भिंतीकडे, भिंतीवरून दाराकडे. मियाकोशींनी बाहेर डोकावलं. समोरच्या खोलीत हामादा पेपर वाचत होते आणि त्यांची मानही तशीच फिरत होती. डोळे मात्र पेपरवरच होते, पेपर वाचता यावा म्हणून ते हात फिरवत होते.

कुराता सिस्टर किटलीत पाणी भरत होत्या.

"तोगीबाई आल्या वाटतं," त्या म्हणाल्या. "बस थांब्यावर थांबली की यांच्या माना सुटतात. मी लगेच चहा ठेवते."

"सिस्टर, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत?" सिस्टर त्यांच्याकडे बघत नव्हत्या. "काही गोष्टी विचारल्या की मग उत्तरही द्यावं लागतं, डॉक्टर. मला पाच वर्षांत निवृत्त व्हायचंय."

जिन्यावर हलक्या पावलांचा आवाज आला. वॉर्डातली तिन्ही डोकी जिन्याच्या बाजूला स्थिर झाली.

मियाकोशी मागच्या दारानं निघून गेले. वड्या सिस्टरांनी घेतल्या.

*

ऑक्टोबरपर्यंत पापुद्रा लावलेले पाचजण झाले आणि पाचांचीही नाकं कोरडी राहिली. टोकियोहून डॉक्टर बघायला आले. संचालकांनी मियाकोशींच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. फोटोत मियाकोशी मान खाली घालून उभे आहेत. सगळ्यांना तो विनय वाटला.

हामादा घरी गेले होते. तपासणीला आले तेव्हा वाकून नाक दाखवून झालं, तरी जागचे उठेनात.

"डॉक्टर, एक विचारू? हसायचं नाही हं."

"विचारा."

"स्टेशनबाहेर गाडी लावून गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो ना, तर मान ओढते. दुखत नाही. कुणी हनुवटीला बोट लावून 'इकडे बघ' म्हणावं तसं. परवा म्हटलं, बघू तरी कुठे नेते. मीटर बंद केला आणि मान वळेल तिकडे गाडी वळवली. चाळीस वर्षं या गावात टॅक्सी चालवतोय, बायकोच्या सांगण्यावरून कधी वळलो नाही एवढा वळलो!" ते हसले, मग हसू विरलं. "असानोचा पूल ओलांडून एका गल्लीत गेलो. लहानसं घर, बाहेर छान ऊन असून खिडक्या बंद. आत कुणी बाई असावी, नुसतं कळत होतं. मी गाडीत बसून राहिलो. आणि डॉक्टर, मी अडुसष्ट वर्षांचा माणूस, मला रडू यायला लागलं. भूक लागल्यासारखं. जेवणाची भूक नाही हो. कसं सांगू."

"उतरला होता का?"

"कशाला? ओळख ना देख. रडून झालं आणि परत आलो." त्यांनी टोपी घातली. "हे त्या औषधाचं असेल ना?"

"असेल," मियाकोशी म्हणाले. "होईल कमी."

हामादा गेल्यावर ते बराच वेळ हात धूत राहिले. आता सांगायचं, हे त्यांनी तेव्हा ठरवलं. पुढच्या तारखेला बाई आल्या की दार लावून घ्यायचं आणि सांगायचं: ती नाळ तुमच्या बाळाची नाही, तुमच्या बाळाचं जे आहे ते या वॉर्डात आहे. मग त्या म्हणतील ते खरं. त्या रात्री त्यांना कित्येक आठवड्यांनी गाढ झोप लागली.

नोव्हेंबरात त्या तारखेला बाई आल्याच नाहीत. मियाकोशींना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटून त्यांनी कोट चढवला.

*

बागांतल्या पाइन वृक्षांना बर्फाचा भार पेलावा म्हणून दोरखंड बांधून झाले होते. समुद्राच्या बाजूनं मेघ गडगडत होते. गल्ली हामादांनी सांगितली तशीच होती. घराच्या खिडक्या बंद होत्या.

तोगीबाई आतल्या खोलीत जमिनीवर बसून वर्ख उचलत होत्या. बांबूच्या चिमट्यानं एक पान उचलायचं, कागदावर ठेवायचं आणि मध्यावर हलकेच फुंकर घालायची, की ते चारी बाजूंनी पसरून सपाट होई. खोलीत शेगडी नव्हती. वाऱ्यानं पान उडतं म्हणून थंडीतही इथे काही पेटवत नसावेत. त्यांना बघताच बाई गडबडून उठल्या.

"अगबाई, तुम्हीच आलात! मीच यायला हवं होतं. पण कोणत्या तोंडानं येऊ ते कळेना."

हे वाक्य खरं तर मियाकोशींचं होतं. ते चटईवर बसले. चहा आला. बाईंनी आतून जांभळ्या कापडात बांधलेली डबी आणली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

"रागावणार नसाल तर बोलते. तुमच्याकडे एवढी बाळं जन्मतात, एवढ्या नाळा. तुमची माणसं तरी कुठेकुठे बघणार? चुकून बदलली असेल." त्या क्षणभर थांबल्या. "ही माझ्या बाळाची नाही ना?"

मियाकोशींचा कप हातातच राहिला. "का हो? असं का वाटतं?"

"देव्हाऱ्यात मी डबी सरळ ठेवते. सकाळी ती वळलेली असते. पुन्हा सरळ करते, पुन्हा वळते. रोज त्याच बाजूला, समुद्राकडे." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "त्या बाजूला कुणी बाई असेल, डॉक्टर. तिला शोधून देऊन टाका ना. मी आत एक वर्ख ठेवलाय. गारठा लागू नये म्हणून."

त्यांनी स्वतःच वाट करून दिली होती. चुकून बदलली. मियाकोशी त्या वाटेनं गेले.

"हो," ते म्हणाले. "चूक झाली असावी. मी फार दिलगीर आहे."

"छे, छे. तुम्ही कशाला." बाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. "मग माझ्या बाळाची?"

आता. मियाकोशींनी तोंड उघडलं. बंद खिडक्यांच्या या खोलीत त्यांना वॉर्डातल्या खाटा दिसल्या. या बाई नको म्हणाल्या तर योनेझावांना उद्याच सगळं ओतून द्यावं लागेल. पुढल्या आठवड्यात कोमात्सूहून एक मुलगी येणार होती, एकोणीस वर्षांची, दोनदा शस्त्रक्रिया होऊनही नाक ठिबकत असलेली. आणि खरं सांगायचं तर मुलगी त्यांना नंतर आठवली. आधी आठवलं ते हे, की जुलैत या बाई आपल्यापुढे जमिनीवर डोकं टेकून बसल्या होत्या.

"नाही उरलं काही," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही."

बाईंनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मग त्यांनी श्वास सोडला आणि तबकातली वर्खाची पानं थरथरली.

"मला वाटायचं, तो जवळच कुठेतरी आहे. वेडेपणाच म्हणा. जवळ आहे, भुकेला आहे आणि माझ्याकडे बघतोय, असं सारखं वाटायचं. म्हणून मी रोज देव्हाऱ्यापुढे थोडं दूध ठेवते आणि सांगते, आई इथे आहे, इकडे बघ. हाक थांबवली तर तो चुकेल, असं वाटायचं." त्यांनी डोळे पुसले. "पण काहीच उरलं नसेल तर तो बिचारा माझ्यामुळेच अडकलाय ना? मीच धरून ठेवलंय त्याला. आज दिवेलागणीला सांगते त्याला. सोड म्हणते सगळं, आणि जा."

मियाकोशींनी डबी कोटाच्या खिशात घातली. बोलायला वेळ होता. चहा अजून गरम होता.

बाई त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आल्या. ते वळणावर पोचेपर्यंत त्या वाकून उभ्या होत्या. मियाकोशींनी मागे बघितलं नाही, पण त्यांना ते माहीत होतं.

*

बसनं दोन्ही पूल ओलांडून ते पोचले तेव्हा वॉर्डात दिवे लागत होते. कुराता सिस्टर जिन्यातच भेटल्या. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"डॉक्टर, चला, बघा तर खरं!"

चारही खोल्यांत चौघेजण उताणे झोपले होते. डोकी उशीच्या मधोमध, नाकं छताकडे. वाळूच्या पिशव्या खाली काढून ठेवलेल्या.

"आत्ताच. मी दिवा लावला आणि एकदम सगळे सरळ झाले. मी हातसुद्धा लावला नाही."

मियाकोशी ओकुबोबाईंच्या खाटेजवळ गेले.

"उठून बसा बघू."

बाई बसल्या.

"मान खाली घाला. अजून थोडी. राहा तसेच."

ते उकिडवे बसले. सिस्टरांनी रुमाल धरला.

बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर पाणी जमलं, फुगलं आणि रुमालावर पडलं. मग दुसरं. स्वच्छ.

"सर्दी झाली वाटतं," ओकुबोबाई म्हणाल्या.

मियाकोशी धावत आपल्या खोलीत गेले. वर्खाच्या कारखान्याचा नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

"अगबाई, डॉक्टर! पोचलात ना नीट?" तोगीबाईंचा आवाज ओला होता, पण शांत. "सांगितलं हो मी त्याला. आत्ताच. मला वाटलं होतं फार जड जाईल. पण ऐकलं त्यानं. लगेच सोडलं. तुम्ही एवढं स्पष्ट सांगितलंत म्हणून जमलं. तुमचे उपकार कसे फेडू."

परत बोलवा त्याला, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. त्यांच्या आधी आणखी किती शब्द बोलावे लागतील ते मियाकोशींनी मनातल्या मनात मोजलं. पहिला शब्द जुलैतला होता.

"असं काही नाही," ते म्हणाले, आणि सवयीनं फोनसमोर कमरेत वाकले.

वाकलेल्या नजरेसमोर भिंतीवरचा रुग्णांच्या घंटांचा फलक होता. ओकुबोबाईंच्या खोलीचा दिवा लागलेला होता. त्याच्याखालचा लागला. मग कोपऱ्यातला. मग शेवटचा. बाहेर सिस्टरांची पळापळ ऐकू येत होती.

त्यांनी फोन ठेवला. कोटाच्या खिशातली डबी त्यांच्या बरगडीला लागली आणि हळूच समुद्राच्या बाजूला वळली.

हाताखालचा फोन वाजला.

"डॉक्टर, मी हामादा. तसं काही विशेष नाही हो. मघापासून जरा नाक गळतंय, पडसं झालंय बहुतेक. म्हटलं कळवावं." मागे कुठेतरी गाड्यांचे आवाज येत होते. "पण मान? मान एकदम सरळ झालीय बघा. आता कुठेच ओढत नाही."